चोख माप

१२ एप्रिल

आज मुलीशी, लिव्हियाशी बोललो. त्यासाठी पाय मोडत टेकडीवरच्या क्रुसापाशी जावं लागलं, कारण मोबाइलला रेंज फक्त तिथेच मिळते. इटलीत तोरिनोला राहणाऱ्या या मुलीचं एकच टुमणं चालू आहे: "बाबा, मेंढ्या विका आणि इकडे या." तिच्याकडे लिफ्ट आहे, चोवीस तास गरम पाणी आहे, बाल्कनीत टोमॅटो लावलेत. मी विचारलं, बाल्कनीत मेंढी मावेल का. ती हसली नाही. हिवाळ्यात मी बर्फावरून घसरलो होतो, ते तिला म्हणे शेजाऱ्यांकडून कळलं. शेजारी म्हणजे रवेका. ही बाई दरीच्या पलीकडे एकटी राहते, पण तिचे डोळे कायम माझ्या अंगणात.

शेवटी मीच तोडगा काढला. म्हटलं, "मे महिन्यात दुधाचं माप आहे. माझ्या मेंढ्यांचं दूध गेल्या वर्षीपेक्षा कमी भरलं तर मी थकलो असं समज. सगळं विकून येतो. जास्त भरलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मागून जावयाने विचारलं, माप म्हणजे काय. लिव्हिया त्याला समजावत होती ते ऐकू आलं: "अरे, उन्हाळ्यात सगळ्या घरांच्या मेंढ्या एकत्र डोंगरावर जातात. जायच्या आधी एक दिवस प्रत्येक घराचं दूध मोजतात. त्या दिवशी ज्याचं जितकं दूध भरेल, त्या हिशेबाने त्याला उन्हाळाभर चीज." जावई म्हणाला, म्हणजे सगळे त्या दिवशी लबाडी करत असणार. इटलीचा माणूस, पण डोकं चालतं त्याचं.

मला काळजी नाही. ल्युक्रेत्सिया गेली त्या वर्षापासून माझ्या मेंढ्यांचं दूध दर मापाला वाढतंच आहे. बायको होती तेव्हा दुधाचं सगळं तीच बघायची, आणि दूध बेताचंच असायचं. मग मी रेल्वेची शिस्त लावली. ठरल्या वेळी चारा, ठरल्या वेळी पाणी, धार काढण्याआधी एक लांब शिट्टी. आमची छोटी गाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण स्टेशनमास्तरची शिट्टी वाया गेलेली नाही.

१६ एप्रिल

आज चर्चबाहेर मला मापाचा मानकरी नेमलं. आधीचा मानकरी कंबर धरून बसलाय. निकोदिम म्हणजे आमचा बाची, डोंगरावरच्या गोठ्याचा मुख्य मेंढपाळ. तो म्हणाला, "तेओफिलला द्या मान. त्याच्याकडे टोपी आहे."

मी टोपी नीट केली आणि तिथेच जाहीर केलं की यंदा माप चोख होणार. खाचा पाडलेली काठी बादलीत बुडवून अंदाजे मोजणं बंद. मी खालच्या बाजारातून स्टीलचं मापाचं भांडं आणलंय. शिवाय लिव्हियाला दिलेला शब्दही सांगून टाकला, म्हणजे कोणाला वाटायला नको की माझं यात काही पणाला नाही.

मला वाटलं होतं लोक टाळ्या वाजवतील. पण शेजारच्या सावेताच्या हातातलं उकडलेलं अंडं चिखलात पडलं. निकोदिम खाली बघत म्हणाला, "हे दोन्ही एकाच वर्षी कशाला करतोस, तेओफिलदादा? भांडं यंदा आण, शब्द पुढच्या वर्षी दे. नाहीतर उलट कर."

पाणी कुठे मुरतंय ते माझ्या तत्काळ लक्षात आलं. या वाडीत वर्षानुवर्षं लबाडी चालली आहे, आणि आता ती उघडी पडणार म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरले.

२२ एप्रिल

उद्या संत जॉर्जचा दिवस. आजच्या रात्री चेटकिणी दूध चोरतात म्हणून सगळीकडे फाटकांना रानगुलाबाच्या काटेरी फांद्या लावतात. मी लावत नाही. रेल्वेत असताना चेटकिणींसाठी वेगळा डबा नव्हता.

संध्याकाळी रवेका दरी उतरून, चढून, धापा टाकत आली. हातात काटेरी फांद्या, खांद्यावर तुल्निक. आमच्याकडे तुल्निक फक्त बायका वाजवतात. माणसाहून लांब असा हा लाकडी कर्णा असतो, या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक पोचवतो. बंडाच्या काळी याच कर्ण्यांनी सगळा मुलूख उठवला होता म्हणतात. रवेका तो मुख्यतः मला जेवायला बोलवायला वाजवते, आणि मी बहुधा जात नाही.

"तुझ्या दाराला कोण लावणार फांद्या?" म्हणाली आणि माझी परवानगी न घेता बांधायला लागली.

"माझ्या मेंढ्यांचं दूध कोणी चोरू शकत नाही."

"चोरणार नाही रे. पण दूध घालून जाणारी एखादी चेटकीण आली, तर तिला काट्यांतून आत येऊ दे म्हणजे झालं." मग वळून म्हणाली, "ती काठी काय वाईट होती? शंभर वर्षं चालली."

"काठी तिरकी धरता येते. भांडं तिरकं धरता येत नाही."

"तुला ना, सगळं सरळ लागतं. गाडी सुद्धा आपली वळणावळणाने जायची, तरी पोचायची की नाही?"

मी म्हटलं, गाडीला रूळ होते. जाताना ती माझ्या गोठ्यात शिरून मेंढ्यांच्या सडांना, पाठींना हात लावून बघत होती. दुसऱ्याच्या मेंढ्यांना हात लावणं मला आवडत नाही, तसं सांगितलं. म्हणाली, "हाडं लागतायत रे, हाडं." काटक मेंढ्या पाहायची तिला सवय नाही.

२६ एप्रिल

पाद्रीबुवांकडे गेलो. दरवर्षीचा क्रम असा: सगळे धार काढतात, बादल्या बाकावर ओळीने ठेवतात, मग डोळे मिटून प्रार्थना, आणि मग माप. ही प्रार्थना वर्षागणिक लांबत चालली आहे. गेल्या वर्षी तर मला उभ्या उभ्या डुलकी लागली. पाद्रीबुवांचं वय होतंय, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात.

मी सांगितलं, यंदा प्रार्थना आधी, धार नंतर.

"रिकाम्या बादलीवर मी काय म्हणू?" त्यांनी विचारलं.

"आशा व्यक्त करा."

ते दाढी कुरवाळत म्हणाले, "तेओफिल, प्रार्थनेत देव काही गोष्टी करतो. त्याला थोडा वेळ द्यावा लागतो."

मी म्हटलं, देवाला वेळ लागत नाही, माणसांना लागतो. त्यावर त्यांनी पालिंका या फळांच्या दारूचा एक प्याला देऊन मला वाटेला लावलं.

३० एप्रिल

भयंकर प्रकार. पहाटे गोठ्यात गेलो तर गव्हाणीत कोंडा पडलेला. मी घातलेला नाही. मिठाचा मोठा खडा टांगलेला. कोवळ्या खाजऱ्या पाल्याचा भारा, तोही चिरून, मीठ लावून. मेंढ्या चपाचप खात होत्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

कोणीतरी माझ्या मेंढ्यांचं पोट बिघडवण्याचा डाव रचतंय. भलत्या वेळी भलता चारा, म्हणजे मापाच्या दिवशी हगवण. मी सगळं उचलून बाहेर टाकलं. गव्हाण धुतली. मग एक लांब शिट्टी मारून त्यांना नेहमीचा सुका चारा दिला. त्या ज्या नजरेने बघत होत्या ती मला आवडली नाही.

३ मे

पुन्हा कोंडा. या वेळी गोठ्याजवळच्या चिखलात पावलंही सापडली. एक मोठं पाऊल मेंढपाळी चपलेचं, दुसरं बाईच्या बुटाचं, तिसरं पाद्रीबुवांच्या बुटासारखं. पण ते शक्य नाही. आता संध्याकाळी मीच गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसतो.

५ मे

सावेता आली होती. ही माझ्याच ओळीत दोन घरं सोडून राहते आणि बोलायला लागली की तिला सिग्नल दिसत नाही. म्हणाली, मी तिची काळ्या तोंडाची मेंढी घ्यावी आणि माझी म्हातारी मेंढी तिला द्यावी, तिला म्हाताऱ्या मेंढ्या आवडतात, बघून शांत वाटतं.

"सावेता, मापाच्या तोंडावर मेंढ्या बदलणं नियमाविरुद्ध आहे."

"नियम, नियम. आणि आमच्यासाठी गाडी खोळंबवून ठेवायचास तेव्हा? माझ्या पहिल्या बाळंतपणाला मला चढावरून डोलीतून उतरवत होते, तर तू गाडी सोडली नाहीस. अर्धा तास सगळे डब्यात बोंबलत होते."

"इंजिनात पाणी भरायचं होतं."

"ते खाली नदीपाशी भरायचे."

मी विषय बदलला. ती निघाली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मेंढीवर इतका जीव असेल तर ती देते कशाला, हे मला समजलं नाही.

आज लिव्हियाने सांगितलं, तिने माझ्यासाठी खोली रंगवली. फिकट निळी. मी म्हटलं, वाळू दे अजून.

७ मे

काल अंथरुणावर पडल्या पडल्या सुचलं आणि आज जाहीर केलं. मापाच्या दिवशी कोणी आपल्या मेंढ्यांची धार काढायची नाही. प्रत्येक घराचा लाकडी चमचा एका पोत्यात टाकायचा. निकोदिम पोत्यात हात घालून प्रत्येकाला एकेक चमचा देणार. हाती ज्या घराचा चमचा येईल, त्या घराच्या मेंढ्या दुहायच्या. म्हणजे कोण कोणाचं दूध काढणार हे शेवटच्या क्षणापर्यंत कोणालाच माहीत नसणार. बादल्या माझ्या नजरेसमोर, आणि दुसरं कुठलंही भांडं आवारात आणायचं नाही. पेला नाही, किटली नाही, पाण्याची बाटली नाही.

"आणि तुल्निक?" रवेकाने विचारलं.

"तुल्निक हवेतच. कर्णा वाजल्याशिवाय माप सुरू करता येत नाही, ही परंपरा आहे. तुल्निक म्हणजे काही भांडं नव्हे."

"नव्हेच मुळी," ती म्हणाली. सगळ्या बायकांनी मान डोलावली. एवढं एकमत मी या वाडीत पूर्वी पाहिलं नव्हतं. शिस्तीची गोडी लागायला वेळ लागतो, पण लागते.

९ मे

मापाचा दिवस. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या माझा माझ्यावर विश्वास बसणार नाही.

ऊन छान पडलं होतं. टोपी घातली, कोट घातला. माळावर सगळ्यांची कोकरं वेगळी काढून ठेवलेली, त्यांचा एकच गलका. निकोदिम मोठ्या कढईत बालमोश ढवळत होता, मलईत शिजणाऱ्या मक्याच्या पिठाचा वास सगळीकडे पसरला होता. बायका नेहमीसारख्या ओळीने आल्या, प्रत्येकीच्या खांद्यावर तुल्निक. दरवर्षी चढ चढतानाच वाजवत येतात, यंदा एकही आवाज नाही.

"घसा धरलाय," रवेका म्हणाली.

"माझा पण," सावेता म्हणाली. मग एकेक करून सगळ्यांनी सांगितलं. खालून कसली तरी साथ आली असणार. तरी कर्णे मात्र फार जपून आणले होते, रुंद तोंड वर धरून, आत फडकं कोंबून, आणि फुंकायच्या टोकाला बूच. ओल लागू नये म्हणून असेल, असं मला वाटलं. मी त्यांचं कौतुकही केलं.

पाद्रीबुवांनी प्रार्थना आधी म्हटली, आणि दोन ओळींत संपवली. गेल्या वर्षीची लांबण आठवून मी खूश झालो. मग पोतं. निकोदिमने चमचे काढले. माझ्या मेंढ्या रवेकाच्या वाट्याला आल्या, आणि तिच्या माझ्या. तिने हातातल्या चमच्याकडे बघून छातीवर क्रुसाची खूण केली.

तिच्या मेंढ्या पाहून मला आतून जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. सड सैल, दूध जेमतेम. इतकी वर्षं ही बाई माझ्या गोठ्यात येऊन हाडं मोजते आणि स्वतःच्या मेंढ्यांची ही कथा. बाकीच्यांच्याही मेंढ्या यंदा आटलेल्याच दिसत होत्या. एकमेकांकडे बघत सगळे भराभर दुहत होते. रवेका माझ्या मेंढ्यांपाशी बसली होती. तिची बादली आणि तिचा कर्णा एकाच बाजूला टेकवलेले होते, आणि ती सारखी माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघत होतो. मानकऱ्याने सगळीकडे बघायचं असतं.

सगळ्यांचं झालं. मी शिट्टी मारली आणि म्हटलं, "आता कर्णा वाजू द्या, मग माप."

बायकांनी कर्णे आणखी घट्ट धरले.

"घसा," सावेता म्हणाली.

"एक फुंकर पुरे. परंपरा आहे."

"परंपरेला थोडं सांभाळून घे," निकोदिम कढईमागून म्हणाला. "मी भांडं वाजवतो हवं तर."

"भांडं म्हणजे कर्णा नव्हे. रवेका, तू वाजव."

"नाही जमणार."

"मग मी वाजवतो."

सगळ्या माळावर एकच शब्द उठला, "नको." पुरुष तुल्निक वाजवत नाहीत हे मलाही माहीत आहे. पण कर्ण्याशिवाय माप सुरू करणं हा त्याहून मोठा नियमभंग. मी तिचा तुल्निक उचलला. विलक्षण जड होता. बूच काढलं, ओठ लावले, छाती भरून घेतली.

तोंडात दूध आलं.

मला ठसका लागला, हातातला कर्णा कलंडला, वरचं फडकं निघालं आणि उरलेलं सगळं दूध पाद्रीबुवांच्या बुटांवर गेलं. आमच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या पिंपं करणारे लोक. आमचं लाकडी काम पाण्याचा थेंब सोडत नाही, दुधाचा कसा सोडेल. आजवर कोणाच्या डोक्यात आलं नाही एवढंच.

मी बाकीच्या बायकांकडे वळलो. प्रत्येकीने आपापला कर्णा हळूच पाठीमागे नेला. तो माणसापेक्षा लांब असतो, पाठीमागे कसा लपणार.

"सावेता, तुझ्या कर्ण्यात काय आहे?"

"घसा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "रवेका, मी तुला प्रामाणिक समजत होतो. दूध चोरून आणून बादलीत ओतणार होतीस." ते बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की तिच्यासमोरची बादली तिची नव्हती. ती माझी होती. माझ्या बादलीत दूध घालून तिला काय मिळणार? मी तिथेच थांबलो.

"विचार," रवेका म्हणाली. "थांबलास का? विचार."

"कोणाच्या बादलीत ओतणार होतीस?"

"तुझ्या. तू चमचे पोत्यात टाकलेस, कोणाला तुझ्या मेंढ्या येतील ते कळेना. म्हणून सगळ्यांनीच पहाटे आपापल्या मेंढ्या दुहून कर्णे भरून आणले."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी प्रार्थना होती," पाद्रीबुवा आपल्या बुटांकडे बघत म्हणाले.

"किती वर्षं?"

"ल्युक्रेत्सिया गेली तेव्हापासून," रवेका म्हणाली. "त्या वसंतात तू मेंढ्या विकायला काढल्या होत्यास. मापाला तुझी बादली पाहवत नव्हती. तुला तर धार सुद्धा धड काढता येत नव्हती. मी माझ्यातलं थोडं ओतलं. तू भरलेली बादली पाहिलीस, टोपी सरळ केलीस आणि म्हणालास, बघा, शिस्त. मग पुढच्या वर्षी कमी कसं ओतायचं?"

"यात कोण कोण होतं?"

"कोण नव्हतं ते सांगतो," निकोदिम म्हणाला. "तू."

मी विचारलं, "म्हणजे माझ्या शिट्टीने काहीच झालं नाही?"

"शिट्टी ऐकून मेंढीचं दूध वाढत नाही रे," रवेका म्हणाली. "आटतं."

त्यावर कोणी हसलं नाही, आणि हसले असते तर मला सोपं गेलं असतं. मी स्टीलचं भांडं उचललं आणि माप केलं. सगळ्यांचं केलं, कारण मी मानकरी होतो. माझ्या मेंढ्यांचं दूध गेल्या वर्षीच्या निम्मंही भरलं नाही. सगळ्यांच्या देखत आकडा मोठ्याने वाचला, टोपी काढली आणि बालमोश न खाता घरी आलो.

१० मे

लिहिण्यासारखं काही नाही.

दिवसभर आतल्या खोलीत पेटी काढून बसलो. तोरिनोला काय न्यायचं ते ठरवत होतो. ल्युक्रेत्सियाचा फोटो, शिट्टी, दोन शर्ट. पुढे काही सुचेना.

मला राग आला आहे, पण कोणाचा ते धड ठरत नाही. त्यांनी मला फसवलं. इतकी वर्षं मी दर मापाला त्यांना शिस्तीवर भाषण दिलं, आणि ते स्वतःच्या वाट्याचं चीज मला देऊन ते भाषण ऐकत उभे राहिले. आठवलं की कान गरम होतात. मग आठवतं, सावेता त्या भाषणाला सगळ्यांत पुढे उभी असायची. मला वाटायचं तिला विषयात रस आहे.

खरं सांगायचं तर लाजेपेक्षा दुसरंच काही जास्त लागलंय. मला इथून जायचं नाही. तो शब्द देताना मला ठाऊक होतं की मी हरणार नाही, म्हणून दिला. फिकट निळ्या खोलीत मी काय करू?

संध्याकाळी पलीकडून रवेकाचा तुल्निक वाजला, जेवायला ये म्हणून. धुऊन वाळवला असावा, आवाज स्वच्छ होता. मी गेलो नाही. तिने पुन्हा वाजवला. तरी गेलो नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा दार लावून घेतलं आणि दारामागेच उभा राहिलो, थांबेपर्यंत.

१२ मे

आज क्रुसापाशी गेलो. मनात वाक्य तयार ठेवलं होतं: लिव्हिया, दूध कमी भरलं, येतो.

तिने फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "बाबा, माप किती?"

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "गेल्या वर्षीपेक्षा जास्त."

ती म्हणाली, "शब्द?"

"स्टेशनमास्तरचा."

"बाबा, कालपासून मला चार फोन आले. निकोदिमकाका, सावेताकाकू, पाद्रीबुवा आणि रवेकाकाकू. चौघांनीही सांगितलं की जास्त भरलं. पण चौघांचे चार आकडे. पाद्रीबुवांच्या आकड्याप्रमाणे एक मेंढी म्हणजे एक गाय होते."

मी क्रुसाला टेकलो.

"तुमचा आकडा कितीचा?" तिने विचारलं.

"मी आकडा सांगितलेला नाही. जास्त एवढंच सांगितलं."

फोनमध्ये ती हसतेय की रडतेय ते कळलं नाही. बहुतेक दोन्ही. म्हणाली, "बरं. मग जुलैत आम्हीच येतो तिकडे. निळ्या खोलीत मी शिवणयंत्र ठेवते. पण बर्फावर पुन्हा पडलात तर?"

"पडलो तर तुला शेजाऱ्यांकडून कळेलच."

टेकडी उतरताना पाय हलके होते, डोकं मात्र जड. आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं माप सांगितलं, तेही पोटच्या मुलीला. आता एकच मार्ग होता, पुढच्या वर्षी ते खरं करून दाखवणं. पण माझ्या मेंढ्यांकडून ते होणार नाही, हे आता मलाही कबूल आहे. आणि लोकांनी पुन्हा चोरून ओतायचं, हे मी मानकरी असेपर्यंत चालणार नाही. सगळं उघड आणि नियमात बसवून करायला हवं.

तोडगा दरी उतरतानाच सुचला आणि मी तसाच रवेकाकडे गेलो. ती अंगणात लोकर विंचरत होती. मला बघून उठली नाही, पण जागा करून दिली.

मी म्हटलं, "आपला नियम साधा आहे. एका घराची एक बादली. बादल्या दोन असल्या की या बादलीतून त्या बादलीत ओतणं म्हणजे लबाडी. बादली एकच असली तर लबाडीचा प्रश्नच येत नाही. तेव्हा तुझ्या आणि माझ्या मेंढ्या एकाच घरच्या धराव्यात, एकाच बादलीत दुहाव्यात, आणि चीज एकत्र घ्यावं. माप चोख होईल."

तिने हातातली लोकर खाली ठेवली.

"शुद्धीत आहेस ना?"

"पूर्ण. कुठेही नियमभंग नाही."

"आणि हे तू विचार करून बोलतोयस?"

"टेकडीपासून इथपर्यंत तेवढाच विचार केला."

ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा एप्रन बदललेला होता, केस ओले करून बसवलेले होते आणि डोळे लाल. म्हणाली, "पाद्रीबुवांना मी सांगते. तू लिव्हियाला सांग. आणि ती शिट्टी माझ्या घरात आणायची नाही." मग तुल्निक खांद्यावर घेतला आणि असा वाजवला की खालच्या नदीपर्यंत गेला असेल. त्यावर सावेताच्या बाजूने उत्तर आलं. मग वरच्या वाडीतून, मग त्याच्याही मागच्या डोंगरातून. एकेका कर्ण्याला दुसरा साथ देत होता. मला वाटलं, एका बादलीसाठी एवढा गाजावाजा कशाला.

तिने मला मक्याच्या पिठाचा घट्ट मामालिगा वाढला, दही वाढलं, आणि मी जेवून निघालो. दरीतल्या पुलापर्यंत आलो तेव्हा कुठे मी काय बोलून बसलो ते माझ्या ध्यानात आलं.

पुलावर उभा राहिलो. परत वर जाऊन खुलासा करता आला असता. मी म्हणालो ते मापापुरतं होतं, कार्यपद्धतीचा भाग होता, असं दोन वाक्यांत सांगून होण्यासारखं होतं. गैरसमज झाला की तिथल्या तिथे खुलासा द्यायचा, हे मी जन्मभर करत आलो.

तिकडे कर्णे अजून वाजत होते. मी कठड्याला टेकून शेवटचा थांबेपर्यंत ऐकले, आणि खुलासा न देता घरी आलो.